५५० टन युरेनियम ‘सापडलं’? ते तर मोजून, सील करून ठेवलेलं होतं

इराणच्या अणुकार्यक्रमाची बातमी आली की इराकवरचा एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: सद्दामकडे ५५० टन युरेनियम सापडलं, २००८ मध्ये ते गुपचूप कॅनडाला विकलं, माध्यमांनी बातमी दाबली. म्हणजे सद्दाम आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहतोय, हे बुश यांचं म्हणणं खरंच होतं, ब्रिटिश चौकशी समितीनेही त्यावर शिक्का मारला, आणि सीआयएने चौकशीला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरला पाठवलेला, ‘असा व्यवहार झालेला दिसत नाही’ म्हणणारा माजी अमेरिकी राजदूत जोसेफ विल्सन मात्र खोटं बोलला.

यातला ५५० टनांचा आकडा खरा आहे. कॅनडाच्या कामेको कंपनीला झालेली विक्रीही खरी. गडबड ‘सापडलं’ म्हणण्यात आहे. बगदादजवळच्या तुवैथा अणुकेंद्रात हे यलोकेक, म्हणजे खनिजातून काढलेली युरेनियमची भुकटी, पिंपांमध्ये पडून होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ती मोजली, सील केली आणि तिथेच ठेवली. बॉम्बला थेट वापरता येईल असं उच्च समृद्ध युरेनियम १९९४ पर्यंत देशाबाहेर नेलं. यलोकेक तेवढं धोकादायक नव्हतं म्हणून राहू दिलं. डिसेंबर १९९८ मध्ये शस्त्रनिरीक्षक इराकमधून बाहेर पडले, तरी या साठ्याची मोजदाद करायला संस्थेची माणसं २०००, २००१ आणि २००२ च्या जानेवारीत तुवैथाला जाऊन आली. २००३ च्या युद्धाआधी कित्येक वर्षं जगाला ठाऊक असलेला हा साठा होता. त्यातलं काही यलोकेक नायजरचंच, पण ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेलं.

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडल्यावर तुवैथाला पहारा राहिला नाही. आसपासच्या गावकऱ्यांनी पिंपं पळवली, भुकटी ओतून दिली आणि त्यांत पाणी भरून ठेवलं. ज्या साठ्याचा आज पुरावा म्हणून उदोउदो होतो, त्याची राखण करावी असं युद्ध जिंकणाऱ्यांना त्या आठवड्यांत वाटलं नव्हतं.

‘बातमी दाबली’ याबद्दल फार लिहायला नको. जुलै २००८ मध्ये असोसिएटेड प्रेसने ती तपशिलासकट दिली होती: ३७ लष्करी उड्डाणं, हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया बेट, तिथून जहाजाने माँट्रियल. मेसेजमधले आकडे तिथूनच आलेत.

आता खरा प्रश्न. ५५० टन घरात असताना आणखी कशाला? बाजू घेणारे म्हणतात, सील तोडलं असतं तर कळलं असतं, म्हणून चोरून दुसरं हवं होतं. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण यलोकेकमध्ये फुटणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. बॉम्बसाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास न्यायचं तर आधी वायूत रूपांतर आणि मग हजारो सेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगाने फिरून युरेनियम-२३५ वेगळं काढणारी यंत्रं, लागतात. गिरणीच नाही, तर ज्वारीची आणखी पोती आणून करायचं काय? इराकचा सेंट्रिफ्यूज कार्यक्रम चालवणारे महदी ओबैदी यांनी १९९१ नंतर त्याचे सुटे भाग आणि आराखडे घरच्या बागेत गुलाबाच्या झाडाखाली पुरले होते. २००३ मध्ये त्यांनी स्वतःच ते अमेरिकनांना उकरून दिले.

मग नायजरची कहाणी उभी कशावर राहिली? एक धागा खरा होता. व्हॅटिकनमधले इराकी राजदूत विसाम अल-झहावी फेब्रुवारी १९९९ मध्ये नायजरला गेले होते. अध्यक्ष बारे मैनासारा यांना इराकभेटीचं निमंत्रण द्यायला, असं इराकी बाजूचं म्हणणं. दुसरा धागा रोममधून आलेल्या कागदपत्रांचा. वर्षाला ५०० टन युरेनियमच्या कराराचे हे कागद मार्च २००३ मध्ये अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेसमोर बनावट ठरवले. ऑक्टोबर २००० च्या एका पत्रावर नायजरचे परराष्ट्रमंत्री म्हणून ज्या अल्लेले हबीबू यांची सही होती, ते १९८९ मध्येच त्या पदावरून गेले होते. अणुऊर्जा संस्थेच्या माणसाला हे गुगलवर शोधून कळलं! शिवाय नायजरच्या खाणी तेव्हा फ्रेंच कंपनीच्या हातात होत्या, जपानी आणि स्पॅनिश भागीदार सोबत. तिथून ५०० टन कुणाला न कळता हलवायचे म्हणजे या सगळ्यांना सामील करून घ्यायचं.

सीआयएलाही ही कथा पचत नव्हती. ऑक्टोबर २००२ मध्ये बुश यांच्या सिनसिनाटीच्या भाषणातून हा उल्लेख काढायला सीआयएचे प्रमुख टेनेट यांनीच लावला. तरी २८ जानेवारी २००३ ला बुश यांच्या अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात तो परत आला, आता ‘ब्रिटिश सरकारला कळलं आहे’ असा टेकू लावून. जुलैमध्ये टेनेट यांनी जाहीरपणे सांगितलं, त्या वाक्याचे सोळा इंग्रजी शब्द भाषणात असायला नको होते.

राहिली मेसेजमधली ब्रिटिश चौकशी समिती, म्हणजे बटलर समिती. जुलै २००४ च्या तिच्या अहवालाने बुश यांचं हे विधान साधार ठरवलं, हे खरं आहे, आणि टीकाकार ते सांगायचं टाळतात, तेही खरं. ब्रिटिशांनी मूल्यमापन केलं तेव्हा बनावट कागद त्यांच्याकडे नव्हते, हेही समितीने नोंदवलं. पण तिचा आधार पाहा: झहावींच्या दौऱ्याबद्दलची गुप्त माहिती, आणि नायजरच्या निर्यातीत जवळपास तीन चतुर्थांश वाटा युरेनियमचा असल्याने ती पटण्यासारखी वाटणं. हाती असलेल्या माहितीवरून तसं म्हणणं त्या वेळी रास्त होतं का, एवढंच समिती तपासत होती. इराकने प्रत्यक्षात काय केलं, हे शोधायला ती बगदादला गेली नव्हती.

विल्सन यांच्याविरुद्धचा एक मुद्दा मात्र टिकतो. नायजरचे माजी पंतप्रधान मयाकी यांनी त्यांना १९९९ मधल्या एका इराकी शिष्टमंडळाबद्दल सांगितलं होतं. ‘व्यापार वाढवायचाय’ याचा अर्थ युरेनियम असावा, असं मयाकींना वाटलं होतं. सीआयएच्या काही विश्लेषकांनी त्यावरून उलट संशय वाढवला. पण त्या भेटीत युरेनियमचा विषयच निघाला नाही, हेही मयाकींनीच सांगितलं.

बगदाद हातात आल्यावर शोध घेतला तो अमेरिकेच्याच इराक सर्वेक्षण गटाने. १९९१ नंतर इराकने परदेशातून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आफ्रिकेतून युरेनियम देऊ केल्याची एक नोंद मात्र मिळाली, मे २००१ ची. युगांडातल्या एका व्यापाऱ्याने नैरोबीतल्या इराकी वकिलातीला काँगोतलं युरेनियम देऊ केलं होतं. निर्बंधांचं कारण सांगून वकिलातीने त्याला परत पाठवलं, आणि तसं बगदादला कळवलं.