म्हणे, टॅबलेट असल्यावर ईएफआयएस कशाला!

माझा मामेभाऊ तीन वर्षं एका दोन आसनी विमानाचा किट जोडतोय. पंख लागले, इंजिन बसलं, आता पॅनेल (वैमानिकासमोरची उपकरणांची पाटी) कापायची वेळ आलीय. घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये गेले काही महिने फिरणारा तो मेसेज नेमका आत्ता त्याच्या फोनवर येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: ईएफआयएस (विमानाचा वेग, उंची, कल दाखवणारी इलेक्ट्रॉनिक स्क्रीन) म्हणजे कंपन्यांनी मांडलेला बाजार, टॅबलेटमध्येही कल ओळखणारा तोच सेन्सर असतो, वेग जीपीएस दाखवतं, सरकारी मंजुरीच्या शिक्क्याला काही अर्थ नाही, दोन स्क्रीन लावल्या की बॅकअप झाला, आणि काच (म्हणजे स्क्रीन) जुन्या सुयांच्या उपकरणांपेक्षा सुरक्षित हे तर सिद्धच झालंय. खाली भावाची ओळ: "दादा, पटतंय रे." मला अजिबात पटलं नाही, आणि त्याला पटलं याचा जास्त राग आला.

आधी सेन्सर, कारण माणसं मारणारा मुद्दा हाच. चिपची जात एकच, हे मान्य. पण खाली कुठे आहे हे चिपला कळत नाही. आपल्यावर जोर कुठून येतोय एवढंच कळतं. बॉल (विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारी गोळी) मधोमध ठेवून घेतलेल्या वळणात तो जोर सरळ विमानाच्या तळाकडे असतो. अमेरिकेचे कसरतबाज वैमानिक बॉब हूव्हर बॅरल रोल (विमान गोल फिरवत उलटं करून सरळ आणण्याची कसरत) घेता घेता ग्लासात चहा ओतून दाखवत. विमान कलंडलंय हे त्या चहाला कळायचं नाही. टॅबलेटमधल्या ॲक्सिलरोमीटरलाही (जोर मोजणाऱ्या त्या चिपलाही) कळत नाही. जायरो असतो की, असं म्हणाल. असतो. पण तो फिरण्याचा वेग मोजतो, कोन नव्हे. त्या वेगाची बेरीज करत कोन काढावा लागतो आणि बेरजेत चूक साचत जाते. ती पुसायला बाहेरचं माप लागतं. चांगल्या ईएफआयएसमधला एएचआरएस (विमानाचा कल आणि दिशा काढणारी डबी) पिटोचा (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचा) वेग आणि वळणाचा दर घेऊन वळणामुळे आलेला जोर वजा करतो. उरतं ते गुरुत्वाकर्षण. पिटो गोठला तर काही संच जीपीएसच्या वेगावर जातात आणि तसं स्क्रीनवर सांगतात. शिवाय ती डबी विमानाच्या अक्षाशी जुळवून सांगाड्याला आवळलेली असते. टॅबलेट मांडीवर. मांडी हलली की क्षितिज हललं!

आता ढगात एक लांबलचक वळण घ्या. विमान २० अंश कललेलं असताना ॲपचं क्षितिज हळूहळू सपाट होत जाऊ शकतं. तुम्ही खरोखर सरळ झालात की तेच क्षितिज उलट्या बाजूला कललेलं दिसेल, आणि तुम्ही ते 'दुरुस्त' करायला जाल. पुढचं लिहायला नको. (उन्हात तापून टॅबलेट बंद पडतो, ते निराळंच.)

जीपीएसचा वेग हा जमिनीवरचा वेग. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नाही. समजा स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाही) ४५ नॉट आहे. फायनलला (उतरताना धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्याला) वळताना मागून २० नॉट वारा आहे आणि स्क्रीनवर ७० दिसतायत. म्हणजे हवेतला वेग ५०. तिथे कुणी घाबरून ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग ५३ च्या वर गेलेला असतो. सत्तर बघून निश्चिंत असलेला माणूस आधीच स्टॉलच्या पलीकडे आहे, तेही खाली सावरायला उंची नसताना. तो मेसेज लिहिणाऱ्याने पिटोची नळी कधी हातात तरी धरली होती का?

शिक्क्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानातल्या ईएफआयएसला टीएसओ (तिथल्या विमान नियामकाची उपकरणाला मंजुरी) लागत नाही. डायनॉनसारख्या कंपन्यांचे बिनशिक्क्याचे संच वर्षानुवर्षं नीट उडतायत. पण म्हणून सगळंच मोकळं नाही. ट्रान्सपॉंडर (रडारला उत्तर देणारा संच), एडीएस-बी (विमानाची जागा प्रसारित करणारा संच) आणि आयएफआरसाठीचा (ढगात फक्त उपकरणांवर उडण्यासाठीचा) जीपीएस यांना मानक पाळावंच लागतं.

दोन स्क्रीन म्हणजे बॅकअप? दोन्हींना एकच एएचआरएस, एकच बस (वीज वाटणारी पट्टी) आणि एकच अल्टरनेटर असेल तर तो एकाच बिघाडाचा मोठा देखावा झाला. दुसरा एएचआरएस वेगळा हवा, त्याला स्वतःची बॅटरी हवी, आणि जमलं तर तो दुसऱ्या कंपनीचा हवा, म्हणजे सॉफ्टवेअरची एकच चूक दोघांना आडवं करणार नाही. भावाला म्हटलं, अल्टरनेटर गेल्यावर काय काय चालू राहतं ते आधी कागदावर काढ, मग पॅनेल काप.

राहिलं 'सिद्ध झालंय'. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) नेमका हाच प्रश्न घेतला. २००२ ते २००६ दरम्यान कारखान्यात बनलेली ८ हजारांहून अधिक हलकी विमानं तपासली. काचेच्या पॅनेलवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. ती विमानं लांबच्या आणि खराब हवेतल्या प्रवासाला जास्त वापरली जात होती, हा फरक त्याच अहवालात आहे; तरी सुरक्षितता वाढल्याचं त्यांना दिसलं नाही, आणि वैमानिकाला त्याच्या विमानातल्याच उपकरणाचं प्रशिक्षण हवं असं त्यांनी सुचवलं. कारखान्याच्या विमानांची ही गत, तर प्रत्येकाचं पॅनेल वेगळं असलेल्या घरच्या विमानांचं काय 'सिद्ध' झालं म्हणे?

मी सुयांचा भक्त नाही. सुयांचे जायरो फिरवणारा व्हॅक्युम पंप न सांगता मरतो, आणि मेलेला जायरो ढगात हळूहळू खोटं बोलतो. ईएफआयएस इंजिनाचं तापमान, दाब, वेग, सगळं नोंदवून ठेवतो. २०१२ च्या घरगुती विमानांवरच्या अहवालात एनटीएसबीने चाचणी उड्डाणांत या नोंदी वापरायला सुचवलंय. काच जरूर लाव, पण पिटोला जोडलेली. आणि चुंबकी होकायंत्र काढू नकोस, त्याला वीज लागत नाही.