ब्रेक लागतो, सुटत नाही

आमच्या 1985 च्या प्रीमियर पद्मिनीला अलीकडे एक खोड लागली होती. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली जायचं. समोर एसटीचं ढुंगण असलं की हा प्रवास फार लांबचा वाटतो. पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर गेला होता. नवा मागवला आणि एका रविवारी मीच बसवला. मुलाला पेडलवर बसवून "दाब... धर... सोड" करत चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. शेवटी पेडल वरच्या वर बोटभर मोकळं हलतंय असं दिसलं. मला असला ढिसाळपणा खपत नाही. चेकनट सोडला, पेडल आणि सिलिंडर यांच्यामधला पुश रॉड थोडा लांब केला, पेडल कसं टणक!

पुढच्या रविवारी कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात गाडी ओढेना. इंजिन 1089 सीसीचं, आत पाच माणसं आणि थालीपिठांचा डबा. मी इंजिनाला समजून घेतलं आणि स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यात टाकला. एका वळणावर फोटोसाठी थांबलो. न्यूट्रल केलं, ब्रेकवरचा पाय काढला, हँडब्रेक लावायचा राहिलाच, तरी चढावर गाडी इंचभर मागे सरकेना.

"अहो, आज किती शहाण्यासारखी उभी आहे!" बायको म्हणाली.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. मुलाने आधी डबा उघडून पाहिला. मी पुढच्या चाकावर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर चुर्र! चाक म्हणजे तापलेला तवा झाला होता.

अर्ध्या तासाने गाडी आपली आपण मोकळी झाली. हाच तर छळ. डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तशी ती गॅरेजमध्ये गार होऊन पोचायची आणि जॅकवर चाक एका बोटाने फिरायचं. मग प्रत्येकाचं निदान वेगळं. शेजारी म्हणाले स्प्रिंगा मेल्या, बदलल्या. मेहुणा म्हणाला व्हील सिलिंडर चिकटतात, किटं टाकली. कोणी म्हणालं जुना होस पाइप आतून फुगतो, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. ते पटण्यासारखं होतं, म्हणून तिन्ही होस नवे. हँडब्रेकची केबल सैल केली. मुंबईतल्या हिच्या काळ्या-पिवळ्या बहिणी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्या. ही मात्र माझ्या पगारावर तरुण होत होती, आणि दर नव्या पार्टनंतर घाटात तितकीच धरत होती.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते गाडीला हातच लावेनात. म्हणाले, "गरम करून आणा."

घाटात दोन फेऱ्या मारून आणली. जॅक लावला. चाक हलेना! इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. त्यांनी मास्टर सिलिंडरच्या पाइपचा नट अर्धा आटा सोडला. पिचकन तेल उडालं आणि चाक फिरायला लागलं.

"चाकांकडं काय बी नाही. तेलाला माघारी जायची वाट बंद आहे."

सिलिंडरच्या आत सुईएवढं भोक असतं. पेडल सोडलं की रबरी वॉशरने त्याच्या मागे सरकून उभं राहायचं, म्हणजे तेल टाकीत परततं. रॉड लांब असला की वॉशर भोकावरच ठाण मांडतो. तेल तापतं, फुगतं, जागा नाही म्हणून चाकातले ब्रेकचे शू ड्रमवर दाबतं. शू घासून तेल आणखी तापवतात.

"हा रॉड कुणी लांब केला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधला गणपती बारकाईने पाहू लागलो.

त्यांनी रॉड दीड आटा मागे घेतला. पेडल पुन्हा बोटभर हलायला लागलं. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांगा."

घरी आल्यावर अण्णा काठी टेकत खाली आले. गाडी त्यांच्याच नावावर आहे. सीटवर बसून त्यांनी ब्रेक दोनदा दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पेडल जरा ढिलं वाटतंय रे. आवळून का नाही घेत?"

मी पाना उचलला आणि माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे ठेवून आलो.