पेट्रातला फुकट घोडा

जॉर्डनमधलं पेट्रा हे जुनं शहर बघायच्या तिकिटात घोडा फुकट असतो. तिकीट 50 दिनार, म्हणजे आपले सहा हजारांच्या घरात, आणि गेटपासून सिकच्या, म्हणजे आत जायच्या अरुंद घळीच्या, तोंडापर्यंत घोडा त्यातच आला असं गाईडने बसमध्ये माईकवरून सांगितलं म्हणून मी चढलो. डोळ्यात काजळ घातलेला घोडेवाला "इंडिया! अमिताभ बच्चन!" करत निघाला, जरा बूड टेकतंय तोवर घोडा थांबला आणि अमिताभ संपला. टिप, पाच दिनार. मी तिकीट पुढे केलं. तो म्हणाला, "हॉर्स फ्री. मी नो फ्री."

आता यावर काय बोलणार? पण आमच्या ग्रुपमधले एक काका मागून चालत आले (चालत, हे लक्षात घ्या) आणि मध्ये पडले. काका जकात नाक्यावरून रिटायर झालेले. 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, हे त्यांना अजून झेपलेलं नाहीये. मला वाटलं आपला माणूस आला, आता सेटलमेंट करेल.

"अरे दे त्याला. दोन हजार वर्षं जुना नाका आहे हा!"

"काका, तिकिटात आहे ते."

"ऐक. येमेनकडून लोबान निघायचा उंटावर, थेट गाझाच्या बंदराला. वाटेत 65 मुक्काम. प्लिनी म्हणून एक रोमन होता, त्याने लिहून ठेवलंय सगळं. पाण्याचे वेगळे, चाऱ्याचे वेगळे, पुजाऱ्याचा वाटा, राजाच्या कारकुनाचा वाटा, पहारेकरी, दारवान... एका उंटामागे 688 चांदीची नाणी जायची!" कारकुनापाशी काकांचा आवाज चक्क कातर झाला. "या नबातियन लोकांनी वाळवंटात पाणी अडवलं, रस्ता धरून बसले आणि वसुलीवर डोंगरात शहर कोरलं. आम्ही काय उभारलं? एक पत्र्याची शेड."

घोडेवाल्याला वाटलं हे भांडतायत. तो सातवर गेला. काकांनी त्याच्याकडे वळून शांतपणे हात पुढे केला, "पावती?"

"वॉट?"

"रिसीट. रिसीट दे, सात घे. नाहीतर पाच." मग मला, "पावती नसली की कमी होतं, आमच्याकडेही तसंच होतं."

पाच दिले. माझे. घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यातला एक दिनार तरी त्याच्या तोंडात जातो का कोण जाणे.

मग सव्वा किलोमीटरची ती जगप्रसिद्ध घळ मी सहाशे रुपयांचा हिशोब करत पार केली. कड्यात कोरलेल्या खजना नावाच्या इमारतीसमोर सगळे वाहवा करत होते. वरच्या दगडी कलशात खजिना आहे असं तिथल्या भटक्या बेदूइनांना वाटायचं म्हणून त्यांनी गोळ्या झाडल्या, त्या खुणा दिसतात. कलश भरीव निघाला. खजिना खाली घोड्यापाशी जमा होतो ना राव!

खरा राग मला त्या पोराचा नाहीये. आमच्या टूरच्या पत्रकात 'सर्व समाविष्ट' ठळक छापलं होतं आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'टिप्स वगळून', हे लाखभर भरल्यावर वाचायचं. सगळं समाविष्ट असेल तर वगळलेलं कुठून येतं?

संध्याकाळी बसमध्ये ड्रायव्हर-गाईडच्या टिपचं पाकीट फिरलं. फिरवायला कोण, तर काका. यादीवर टिकमार्क करत प्रत्येक सीटपाशी थांबत होते.

"तुझे दहा."

"काका, सकाळी पाच गेलेत."

"तो वेगळा नाका," म्हणाले आणि पाकीट हलवलं नाही.