अमेरिकेला साक्षीला बोलावू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर अमेरिका वरचेवर साक्षीला उभी केली जाते. रस्त्याला खड्डा पडला, "अमेरिकेत बघा." कुणी रांग मोडली, "अमेरिकेत बघा." मी डेट्रॉइटच्या उत्तरेला १८ वर्षं राहतोय हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण साक्ष कधी माझी काढत नाहीत. माझ्याकडून फक्त आयफोनची किंमत विचारून घेतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी नवी सिएरा आणली तेव्हाही तेच झालं. माझा चुलतभाऊ मिलिंद, मुक्काम चिंचवड, याने रात्री साडेअकराला लिहिलं: "ही सिएरा नव्हेच. सिएराला बाजूची दारं दोन. ही चार दारांची कुठलीही एसयूव्ही आहे, वर नुसतं नाव चिकटवलंय. अमेरिकेत असं केलं असतं तर लोकांनी कंपनीला सोलून काढलं असतं. तिथे लोक वारसा जपतात." खाली सात अंगठे. त्यातला एक बाबांचा, पण बाबा सगळ्यालाच अंगठा देतात, श्रद्धांजलीलासुद्धा.

वारसा जपतात म्हणे.

माझ्या शेजारचा म्हातारा मूळचा फ्लिंटचा, ३० वर्षं गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर काढून रिटायर झालेला. त्याच्या गराजमध्ये १९६९ ची शेव्रोले कॅमेरो आहे, निळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ती पांघरुणाखाली जाते, बॅटरीला चार्जर लागतो, आणि एप्रिलात दोन-तीन चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले गेल्याशिवाय पांघरूण निघत नाही. गाडीला हिस्टॉरिक, म्हणजे जुन्या गाड्यांची नंबर प्लेट असल्यामुळे ती एरवी शो नाहीतर परेडलाच न्यायची, ऑगस्टात मात्र कुठेही. म्हणून ऑगस्टभर हा माणूस दूध आणायलाही कॅमेरो काढतो. उरलेले ११ महिने क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या सांगाड्यावरची एसयूव्ही. बाकी सगळ्या आळीसारखाच.

शेवटची कॅमेरो डिसेंबर २०२३ मध्ये आमच्याच मिशिगन राज्यातल्या लान्सिंगच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याआधी मार्च २०२३ मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर करताना शेव्रोलेच्या वरिष्ठांनी एक शेपूट जोडलं होतं: कॅमेरोची गोष्ट इथे संपत नाही. त्या एका वाक्यावर शेजाऱ्यासारखी मंडळी आजवर तग धरून आहेत. ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते. आम्ही दोघं फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून कडेला बसतो आणि जो येईल तो हाच विषय काढतो. यांच्या मागण्या ठरलेल्या: व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, दोन दारं, मॅन्युअल गिअर, जोर मागच्या चाकांना. चार दारांची येणार किंवा बॅटरीवरची येणार अशी कुजबुज झाली, की शेजाऱ्याचा चेहरा सुतकी. आशेला आधारच नाही असंही नाही. कॅमेरो २००२ मध्ये एकदा बंद पडलीच होती. २००६ च्या डेट्रॉइट शोमध्ये तिचा नमुना ठेवला आणि २००९ मध्ये ती खरोखरच परत विकायला आली. एकदा तिरडीवरून उठली, तर पुन्हा का नाही?

आता यातला वारसा बघा. फोर्डच्या मस्टँगने एप्रिल १९६४ पासून बाजार मारला, त्याला उत्तर म्हणून सप्टेंबर १९६६ मध्ये ही गाडी आली. नावाला धड अर्थ नव्हता. शेव्रोलेवाले म्हणाले, फ्रेंच बोलीत मित्राला असं म्हणतात. पत्रकारांनी खोदून विचारलं तर उत्तर मिळालं, मस्टँग खाणारा एक छोटा हिंस्र प्राणी आहे. म्हणजे बारसं आधी आणि अर्थ मागून. चौथी पिढी, १९९३ पासून २००२ पर्यंत, कॅनडात क्विबेकला बनली. परत आलेली पाचवीही कॅनडातच, ओशावाला, आणि तिचा सांगाडा ऑस्ट्रेलियात होल्डन कंपनीने तयार केलेल्या घराण्यातला. २०१५ मध्ये सहावीच्या वेळेस ती मिशिगनला आली. हे मी शेजाऱ्याला सुनावलं, तर तो म्हणतो, "कॅनडा काय परदेश आहे? डेट्रॉइटवरून दक्षिणेला बघितलं की दिसतो." भूगोल बरोबर आहे त्याचा.

आणि नावं चिकटवण्याचं म्हणाल, तर मिलिंदने इथे यावं. २००६ मॉडेलच्या डॉज चार्जर गाडीला दोनाऐवजी चार दारं दिली, तेव्हा जुने लोक असेच खवळले होते. गाडी वर्षानुवर्षं खपली. मस्टँगचं नाव २०१९ मध्ये बॅटरीवरच्या क्रॉसओव्हरला दिलं. ब्लेझर हे जुन्या दणकट एसयूव्हीचं नाव शेव्रोलेने मेक्सिकोत बनणाऱ्या क्रॉसओव्हरला दिलं. बॅटरीवरच्या नव्या चार्जरला तर जुन्या इंजिनाचा घुमारा मुद्दाम यंत्राने काढून देतात! कुणी कुणाला सोललं नाही. कुरकुर झाली, टी-शर्ट छापले गेले, संपलं.

उलट लोकांनी मागितलं ते हुबेहूब आणून दिलं तेव्हा काय झालं, तेही मला माहीत आहे. पॉन्टिॲक कंपनीने २००४ मध्ये आपली जुनी जीटीओ परत आणली. व्ही-८, दोन दारं, मागच्या चाकांना जोर, हवा तर मॅन्युअल गिअर. पंगत मांडली, पण जेवायला कुणी बसेना. दिसायला सपक आहे म्हणाले, मुळात ऑस्ट्रेलियाची आहे म्हणाले. २००६ मध्ये बंद. कॅमेरोचंही तेच: २०१० मध्ये अमेरिकेत ८० हजारांवर खपली, २०२२ मध्ये २५ हजारांच्या आत. काचा इतक्या अरुंद की लेन बदलताना देवाचं नाव घ्यावं, मागच्या सीटवर फार तर दप्तर मावेल. वुडवर्डवर तिच्यासाठी हळहळणाऱ्या दहाजणांना विचारा, नवी कुणी घेतली होती? आमच्या शेजाऱ्याने नव्हती घेतली.

मीही नाही. २०११ मध्ये शोरूममध्ये पिवळ्या कॅमेरोत बसलो होतो. बायको बाहेर उभी, हातात मुलाची कार सीट. ती मागे अडकवायला सेल्समनने वीस मिनिटं खटपट केली, पुढची सीट पार डॅशबोर्डला टेकवली. त्याच आठवड्यात आम्ही टोयोटाची मिनीव्हॅन घेतली. मी पोट भरतो अमेरिकन गाड्यांच्या सीटा बनवण्यावर, त्यामुळे ज्या कारखान्यात कामाला जातो तिथे माझी व्हॅन, परदेशी कंपनीची म्हणून, लांबच्या लॉटमध्ये लावावी लागते. जानेवारीत तिथून दारापर्यंत चालताना वारसा चांगलाच झोंबतो.

तर हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बरंच लांब झालं. शेवटी जरा शेराही मारला, की तुम्हाला तिथे बसून ना इथलं कळतं ना तिथलं. तो मारायला नको होता.

मिलिंदचं उत्तर एका ओळीचं: "मागच्या खेपेला मेट्रोचे खांब बघून 'काय पिंपरीचं करून ठेवलंय' असं कोण म्हणत होतं?"

मीच म्हणत होतो. पिंपरीच्या पुलाजवळ गाडीतून, एसी लावून. वर दोनदा म्हणालो होतो, कारण पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. दर दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी येणाऱ्याला शहर जसंच्या तसं ठेवून हवं असतं. तिथे राहायचं मात्र नसतं.

जुन्या सिएराबद्दल मिलिंदपेक्षा मलाच जास्त बोलायचा हक्क आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. बाबा टाटांच्या टेल्कोत होते, सिएरा पिंपरीत बनायची. १९९१ मध्ये ती आली, त्यानंतर वर्षभरात कधीतरी एका साहेबांनी बाबांना आणि मला तिच्यातून घरी सोडलं. पुढची सीट दुमडून आम्ही मागे घुसलो. मागच्या बाजूची काच छतावर वळलेली, उघडायची सोय नाही, त्यामुळे झाडांचे शेंडे डोक्यावरून जाताना दिसत होते. मी काचेला नाक लावून बसलेलो. बाबा युनिफॉर्मवर होते. पूर्ण रस्ताभर त्यांनी पाठ टेकली नाही, शर्टाचं ऑइल सीटला लागेल म्हणून. उतरल्यावर सीटवरून हातरुमालही फिरवला. पुन्हा त्यात बसायचा योग आला नाही, आणि २००३ मध्ये ती बंद झाली.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. बाबा वाचतात.

भांडण तिथेच विझलं. मधे दोनेक महिने शुभ सकाळ आणि लग्नाचे फोटो. इकडे बर्फ, सॉल्ट ट्रक, शेजाऱ्याच्या गराजमधला हिरवा दिवा. मग एका पहाटे उठलो तर ग्रुपवर मिलिंदची नवी सिएरा. हार घातलेली, चाकाखाली लिंबू. नव्हेच म्हणणाऱ्याने बुकिंग कधी केलं कुणास ठाऊक. मी लगेच लिहिणार होतो, बोट की-बोर्डवर होतं, तेवढ्यात त्याचा मला वेगळा मेसेज आला:

"काकांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. सीट दुमडून मागे जायचं असतं तर जमलं नसतं रे. आता आपले आपण चढतात."

सोबत फोटो होता. बाबा मागच्या सीटवर, काच पूर्ण खाली, कोपर बाहेर काढलेलं. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. पाठ टेकलेली होती.