पन्नाशीनंतर वजनं उचलू नयेत म्हणे!

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. पन्नाशीनंतर वजनं उचलू नका, गुडघे झिजतात, बीपी वाढतं. रोज दहा हजार पावलं चाला, तेवढं पुरे. बायकांनी तर डंबेल्सना हातही लावू नये. आपल्या आज्या कुठे जिमला जात होत्या? पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण हे ऐकून लोक नेमकी गरजेची गोष्ट सोडतात.

आधी गुडघे. गुडघ्यावर येणारा भार बराचसा मांडीचे स्नायू पेलतात. म्हणून तर गुडघेदुखीसाठी गेलं की फिजिओथेरपिस्ट पायाला वजनाची पट्टी बांधून पाय सरळ करायला लावतात. दुखलं तर वजन कमी करा, बैठक अर्धीच मारा. व्यायामच बंद केला तर मांडी आणखी बारीक होते आणि दुखणं वाढतं.

बीपीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. वजन उचलताना रक्तदाब वाढतो, दम कोंडून जोर लावला तर फारच. त्यासाठी उचलताना श्वास सोडायचा. मात्र काही आठवडे नियमित व्यायाम केल्यावर एरवीचा रक्तदाब थोडा उतरतो. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही, छातीत दुखतं किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

चालणं उत्तमच, ते सोडू नका. पण दहा हजारांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीसाठी रूढ झाला. आणि चालण्याने खांदे, पाठ, हात यांना फारसं काम मिळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर त्याहून वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत म्हणूनच चालण्याजोग्या व्यायामासोबत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला आहे.

बायकांबद्दलचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, म्हणजे वजनं उचलण्याची गरज त्यांनाच जास्त. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, ५८ च्या पुढच्या शंभरेक स्त्रियांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डोक्यावर बार नेणं. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची मात्र १.२ टक्क्यांनी घटली. हाड मोडल्याची घटना जड वजनांच्या गटात घडली नाही. हे घरी एकटीने करून पाहायचं नाही, शिकवणारा हवाच. पण ‘हातही लावू नये’ म्हणणं म्हणजे बाईला ठिसूळ हाडांच्या हवाली करणं आहे. पुरुषी शरीर होईल ही भीतीही सोडा. त्यासाठी लागतं तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, स्त्रीच्या शरीरात नसतं.

राहिल्या आज्या. त्या विहिरीचं पाणी शेंदत, भरलेले हंडे कमरेवर आणत, पहाटे जातं ओढत, जमिनीवरून दिवसात कितीदा उठत-बसत. रोजचा ताकदीचा व्यायाम हाच होता, आणि तो नळ-मिक्सर आल्यावर गेला.

‘आता या वयात काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

सुरुवातीला जिम लागतच नाही. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर काढा, दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन उचला. हे सोपं वाटू लागलं की वजन वाढवा, आणि जड वजनांकडे जायचं तेव्हा चांगला प्रशिक्षक गाठा.