परदेशातून : महिरपीचा हिशोब कागदावर हवा

लग्नसराई जवळ आली की बेळगावकडच्या क्रोशा करणाऱ्या बायकांत तेच वाद नव्याने निघतात. रुखवतातल्या महिरपीचे, म्हणजे ताटाभोवती मांडायच्या कमानदार क्रोशापट्टीचे, किती घ्यायचे? बाजारात मशीनची लेस मीटरवर मिळत असताना हाताने किनार विणत बसण्यात अर्थ काय? यात अलीकडे तिसऱ्या वादाची भर पडली आहे. कसुती या कर्नाटकी भरतकामाला भौगोलिक संकेत (जीआय, म्हणजे मालाचं नाव त्याच्या भूभागाशी जोडणारी सरकारी नोंद) आहे, आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाला २०२४ मध्ये तो मिळाला, मग बेळगाव-खानापूर-निपाणीच्या क्रोशाला का नको? आणि सीमाभाग म्हटल्यावर तो मागायचा कुणी, कर्नाटकाने की महाराष्ट्राने, हेही ओघाने आलंच.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं नाव जगभर झालं ते मशीनच्या लेसमुळे. तिथून हे वाद ऐकताना वाटतं, तिन्हींत एक साधी गोष्ट सुटते आहे. आपल्याकडचा क्रोशा कागदावर नाही. काकूंची महिरप बघून मावशी करते, मावशीची बघून सून करते. दर वेळी दोऱ्याचा नंबर बदलतो, सुई बदलते, आणि सात कमानींची महिरप तिसऱ्या हातात पोचेपर्यंत ताटाभोवती बसायची बंद होते.

मशीनशी भांडण्यात हशील नाही, हे इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच ठरून गेलं. जॉन हीथकोटने १८०९ मध्ये बॉबिनवरची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये लफबरोच्या त्याच्या कारखान्यावर रात्री हल्ला झाला आणि ५५ यंत्रं फोडली गेली. त्याने उरलासुरला कारभार डेव्हनमध्ये टिव्हर्टनला हलवला, यंत्रं आणखी वाढवली. हाताच्या लेसवर पोट भरणं त्यानंतर हळूहळू संपतच गेलं. तरी १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाची लेस डेव्हनच्याच बायकांनी हाताने केली होती.

बॉबिन लेस म्हणजे घट्ट उशीवर टाचण्या टोचून, बॉबिनवर गुंडाळलेले दोरे एकमेकांत गुंफून केलेली लेस. आज इथे ती करणाऱ्या बहुतेक सगळ्या हौशी आहेत. पुस्तकातली खूण, रुमालाची कड, नाताळच्या झाडावर टांगायची चांदणी, कुणी तांब्याच्या बारीक तारेची कानातली, अशी कामं उशीवर चाललेली दिसतात. विक्री जवळजवळ शून्य. पण नमुना एकही हरवत नाही. पुठ्ठ्यावर टोचलेला आराखडा, जोड्या किती, दोरा कोणता, टाचणी कुठे, सगळं लिहिलेलं असतं. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या लेस गिल्ड या लेसवाल्यांच्या संस्थेचं स्टौरब्रिजला ग्रंथालय आहे, जुन्या लेसचा संग्रह आहे. स्लोव्हेनियातल्या इद्रियाची लेसशाळा १८७६ पासून चालू आहे आणि युनेस्कोची मोहोर त्या देशाच्या बॉबिन लेसवर उमटली २०१८ मध्ये. १४२ वर्षं शाळा आधी, कागदी मान नंतर. आपल्याकडे उलट्या क्रमाने मागणी चालली आहे.

लिहायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. दोऱ्याचा नुसता नंबर लिहून भागत नाही. क्रोशाच्या दोऱ्यात आकडा वाढला की दोरा बारीक होतो, १० जाड, २० मध्यम, ४० बारीक, इथवर ठीक. पण एका कंपनीचा २० दुसऱ्या कंपनीच्या २० पेक्षा जाड निघतो, आणि कंपन्या दोरे बंदही करतात. म्हणून इथल्या लेसवाल्या वेढे मोजतात. पट्टीवर दोरा एकाला एक लागून गुंडाळायचा, ओढायचा नाही, एकावर एक चढू द्यायचा नाही, आणि १ सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसले ते लिहायचं. तीस वर्षांनी तो दोरा बाजारात नसला तरी तेवढेच वेढे बसणारा दुसरा शोधता येतो. सुईचा आकडाही मिलिमीटरमध्ये हवा. २० नंबरच्या दोऱ्याला साधारण १.२५ मिमी, ४० ला १ किंवा ०.७५ मिमी. हात घट्ट असेल तर एक पायरी मोठी घ्यावी.

मग मोजमापाचा तुकडा. दहा सेंटिमीटर चौरस विणा, धुवा, वाळवा, आणि त्यानंतर मोजा. न धुतलेल्या तुकड्यावर केलेला हिशोब सुती दोऱ्यात फसतो, कारण पहिल्या धुण्यात दोरा आटतो. लाल-मरून रंग पांढऱ्याशेजारी घालायचा असेल तर त्याच वेळी ओला दोरा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. तोरणातल्या लालाने पांढरे मोगरे गुलाबी केल्यावर उपाय उरत नाही.

गोल आसन वाटीसारखं का होतं, हे तर नेहमीचं गाऱ्हाणं. समईखालची, पाटावरची, क्रोशाची रांगोळी, सगळ्यांना एकच गणित लागू आहे. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढला पाहिजे. खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका; त्याची उंची रुंदीच्या साधारण दुप्पट, म्हणजे दर फेरीत बारा खांब वाढवायचे: १२, २४, ३६, ४८. मुका खांब हा बुटका टाका, जेवढा उंच तेवढाच रुंद, तिथे सहा पुरतात. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर येते. वाढवलेले खांब प्रत्येक फेरीत एकावर एक आले तर गोलाचा षटकोन दिसू लागतो. ते जरा सरकवत जावं.

महिरपीत याहून जास्त फसगत होते. ताट बारा इंची, म्हणजे ३० सेंटिमीटर धरा. महिरपीची आतली कड ताटापासून सेंटिमीटरभर दूर, त्रिज्या १६; पट्टीची रुंदी ५; समोरचा पाव भाग मोकळा. आतली कड ७५ सेंटिमीटर आली, बाहेरची ९९. हा २४ सेंटिमीटरचा फरक ताटाच्या मापावर ठरत नाही, पट्टीच्या रुंदीवर ठरतो. ताट मोठं घेतलं तरी ५ सेंटिमीटरच्या पट्टीला बाहेरून २४ च जास्त लागणार. बघून करणारीला हे कळत नाही, ती मोठ्या ताटासाठी त्याच प्रमाणात वाढ करते आणि महिरपीच्या बाहेरच्या कडेला झालर येते. तुमच्या हाताला ५ सेंटिमीटरमध्ये १० ओळी बसत असतील आणि सेंटिमीटरला ४ खांब, तर दर ओळीत नऊ-दहा खांब वाढवा, सगळीकडे सारखे वाटून. सगळी वाढ शेवटच्या दोन ओळींत कोंबली तर ती लपत नाही. मणी घालायचे असतील तर दोऱ्यात आधीच ओवून घ्यावे लागतात, आणि शेवटी लागणारा मणी पहिला ओवायचा.

बाहीच्या किनारीचा नमुना कसा लिहावा, त्याचा एक मासला. सहाच्या पटीत टाके अधिक एक. पहिली ओळ सगळे मुके खांब. दुसरीत पहिल्या टाक्यात एक मुका खांब. मग दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, दोन सोडून तिसऱ्यात एक मुका खांब, आणि हेच शेवटपर्यंत. दहा पाकळ्यांना ६१ टाके. रुमालाच्या कोपऱ्यावरच्या पाकळीत पाचाऐवजी सात ते नऊ, नाहीतर कोपरा आत ओढला जातो. चार ओळी झाल्या, पण एवढं हाती असलं की हुक्केरीतल्या किंवा चंदगडातल्या बाईला मूळ बाहीसुद्धा बघावी लागत नाही.

आता दर. असं धरा की दोन बोटं रुंद किनार तासाला २५ सेंटिमीटर होते. साडेपाच मीटरच्या साडीच्या दोन्ही काठांना ११ मीटर, म्हणजे ४४ तास. तासाला ८० रुपये लावले तरी ३,५२० रुपये, दोरा वेगळा. हे कुणी देत नाही, म्हणून ‘दोऱ्याचे पैसे सुटले तरी पुरे’ म्हणत हौशी बायका आठशे रुपयांत देऊन टाकतात, आणि जिचं घर त्यावर चालतं तिचा दर पाडतात. माझं मत इथे कडक आहे. हौस असेल तर भेट द्या. विकायचं असेल तर तासांचे पैसे लावा, आणि कामाच्या चिठ्ठीवर तास लिहा. पूर्ण साडीचं काम घेऊच नये. नुसता पदर आणि दोन बाह्या मिळून पावणेदोन मीटरच्या आसपास होतात, सात तासांचं काम, आणि लोकांच्या नजरेत भरतं तेही तेवढंच. इथल्या बायका विकत नाहीत, हे त्यांचं मोठेपण समजू नका. त्यांना पेन्शन आहे. ती चैन बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकराच्या बायकोला नाही. परदेशाकडून दराच्या बाबतीत शिकण्यासारखं काही मला सापडलेलं नाही. लेससाठी प्रसिद्ध असलेल्या बेल्जियममधल्या ब्रूझमध्येसुद्धा दुकानांत टांगलेला बराच माल यंत्रावरचा आणि बाहेरून आणलेला असतो.

भौगोलिक संकेताबद्दल. १९९९ चा कायदा मालाचा गुण किंवा नावलौकिक त्या भूभागाशी बांधलेला असल्याचं दाखवायला सांगतो, आणि अर्ज करायला उत्पादकांची संघटना किंवा तशी संस्था लागते. सांगलीची महिरप आणि बेळगावची महिरप शेजारी ठेवून वेगळी ओळखून दाखवा, मग बोलू. नरसापूरची गोष्ट वेगळी आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी काम शिकवलं, पुढे त्याचा निर्यातीचा धंदा झाला, गावंच्या गावं त्यात आली. आणि एवढं असूनही दलालांच्या साखळीत विणणारीच्या हातात फार थोडं पडतं, ही तिथली जुनी तक्रार आहे.

राहिला सीमेचा मुद्दा. १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, आता पाट्यांवर ६० टक्के कन्नडची सक्ती. प्रश्न खरे आहेत, आणि दुरून त्यावर पोपटपंची करणाऱ्यांचा कंटाळा मलाही आहे. पण क्रोशा त्यात ओढून काय मिळणार? तो दोघांकडेही बाहेरूनच आला. इरकलीवर कसुती भरलेली साडी कोल्हापूरलाही नेसतात आणि धारवाडलाही. शिवाय क्रोशाचा आराखडा खुणांत काढता येतो: लांबट गोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, डोक्यावर आडवी रेघ आणि अंगावर एक तिरकी रेघ असलेला उभा दांडा म्हणजे खांब. गोकाकची कन्नड शाळेतली मुलगी आणि निपाणीची मराठी शाळेतली मुलगी त्यावरून सारखीच विणतील. इंग्रजी मजकुरावरून मात्र विणू नये. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकन नमुन्यातला ‘डबल’ म्हणजे आपला खांब. उंचीत दुपटीचा फरक पडतो आणि व्हिडिओत बहुधा कुणी सांगत नाही.

इथलं सगळंच तिकडे चालत नाही. जुन्या युरोपी पुस्तकांत लेस कडक करायला साखरेचा पाक सांगितलेला असतो. हीटर लावलेल्या कोरड्या घरात तो टिकतो. खानापूरच्या जुलैत तो पाझरतो आणि मुंग्या लागतात. साबुदाण्याची खळ बरी, पण रुखवत संपल्यावर ती धुवून काढूनच लेस ठेवावी, नाहीतर बुरशी आणि कसर. पांढरा गोंद पाण्यात घालून लावला तर पुन्हा धुवून निघत नाही, हे ठरवूनच लावावा. ओली लेस ताणून बसवताना साध्या टाचण्या गंजतात आणि तपकिरी ठिपके कायमचे राहतात. पितळी किंवा स्टेनलेसच्या घ्याव्या, आणि समोरासमोरची टोकं आधी टोचावी, मग मधली.

बॉबिन लेस बेळगावात सुरू करायची म्हटलं तर सामान तिथेच जमेल. उशीत इथे पूर्वी बार्लीचं काड ठासून भरत; खानापूरकडचं भाताचं पिंजर बारीक कापून, खडखडीत वाळवून, टाचणी हलणार नाही इतकं घट्ट भरलं तर चालायला हरकत नाही. दमट राहिलं तर टाचण्या आतूनच गंजतील. दहा सेंटिमीटर लांबीच्या बॉबिन सावंतवाडीकडचा कातारी शिसवीत कातून देईल. त्यांच्या मानेवर चीर राहू देऊ नका, दोरा तिथेच तुटतो. इंग्रजी बॉबिनच्या शेपटाला काचमण्यांचं कडं असतं. ते दागिना म्हणून घातलेलं नाही, वजन मिळावं आणि बॉबिन उशीवर लोळू नये म्हणून आहे. हालचाली दोनच: डावी बॉबिन उजवीवर टाकणं आणि उजवी डावीवर टाकून पीळ देणं. टाकणं-पीळ-टाकणं केलं की कापडासारखा भरीव टाका, टाकणं-पीळ केलं की अर्धा टाका. आणि अर्धा टाका, टाचणी, पुन्हा अर्धा टाका ही टॉर्शन या बॉबिन लेसच्या सोप्या प्रकारातली साधी जाळी. दोरा निवडायला वेढ्यांचं तेच माप: टॉर्शनमध्ये सरळ कडेच्या लागोपाठच्या दोन टाचण्यांमध्ये साधारण १० ते १२ वेढे मावावेत. त्याहून कमी मावले तर जाळी गच्च होते, जास्त मावले तर लेस उचलल्यावर लोंबते. मागच्या टाचण्या काढायची घाई करू नये. हातभर लेस झाली तरी शेवटच्या आठ-दहा सेंटिमीटरमधल्या तशाच राहू द्याव्या. पहिल्या पट्टीला बारा जोड्या, म्हणजे चोवीस बॉबिन पुरतात. कातायला सांगताना तीस सांगा.