‘काकू, जमाना बदललाय’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की टीममधल्या नव्या मुलामुलींना कामामागचं कारण जरूर सांगावं, पण डेडलाइन तोंडावर आलेली असताना त्यावर चर्चा करत बसू नये. त्यावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. सुरुवातच ‘काकू, जमाना बदललाय’. पुढे पगार, सुट्ट्या, रात्रीचे मेसेज, ‘पिढीबिढी सगळं थोतांड’, आणि मग हे वाक्य: ‘तुम्हाला प्रश्न विचारलेले सहन होत नाहीत, म्हणून तुम्ही त्याला पिढीचा दोष म्हणता.’

आधी ‘काकू’बद्दल. मी तुमची काकू नाही. लेखात मी कुणालाही आळशी किंवा नाजूक म्हटलेलं नाही, पुन्हा वाचून पाहा. बाईच्या हाताखाली माणसं काम करतात हे पचलं नाही की तिला नात्यात बसवून मोकळं व्हायचं, ही खोड मात्र जमाना बदलला तरी गेलेली दिसत नाही.

एक चूक मान्य. ‘जेन झी (Gen Z), म्हणजे आजची तरुण पिढी, २००० नंतर जन्मलेली’ असं मी लिहिलं होतं. अमेरिकेतली प्यू रिसर्च सेंटर ही सर्वेक्षण संस्था १९९७ ते २०१२ मध्ये जन्मलेल्यांना धरते. दुरुस्ती केली आहे. नॅशनल अ‍ॅकॅडमीज या तिथल्याच वैज्ञानिक संस्थेच्या २०२० च्या अहवालाचा दाखला तुम्ही दिलात, तोही ठीक. पिढीचं लेबल पाहून माणसं हाताळू नयेत, असंच तो सांगतो. चोवीस वर्षांचा मुलगा वयामुळे तसा वागतो की पिढीमुळे, हे एका सर्वेक्षणातून वेगळं काढता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण सोमवारी सकाळी तो मुलगा माझ्यासमोर येऊन बसतो आणि मला त्याच्याशी बोलावं लागतं.

आता ‘प्रश्न सहन होत नाहीत’. हे वाक्य मला लागलं, ते का, ते सांगते.

माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांनी माझा रिपोर्ट नऊ जणांसमोर टेबलावर आपटला. ‘हे काय आहे?’ एवढंच म्हणाले. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, परत आले आणि रात्री अकरापर्यंत बसून अख्खा रिपोर्ट नव्याने केला. चूक काय होती ते दोन महिन्यांनी कळलं: एका रकान्यातले आकडे हजारांत होते, बाकीचे लाखांत. एका ओळीत सांगता आलं असतं. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचं जुनं संशोधन एकत्र करून तपासलं, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलेलं आढळलं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते वॉशरूमच्या आरशासमोरच कळलं होतं. तेव्हापासून एकोणीस वर्षं टीम सांभाळते आहे आणि एकालाही चारचौघांत झापलेलं नाही.

आमच्याकडे दर शुक्रवारी एक शीट भरायची पद्धत होती. नुकत्याच लागलेल्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, ही वाचतं कोण?’ मी चौकशी केली. कुणीच वाचत नव्हतं. पुढच्या शुक्रवारपासून शीट बंद. ज्या बाईला प्रश्न सहन होत नाहीत, ती हे करते का?

आणि लेखातला तो मुलगा, ज्याच्यावरून तुम्ही एवढे तापलात. सहाला फाइल जायची होती. पाच चाळीसला त्याने तिसऱ्यांदा ‘पण हे का?’ विचारलं. मी म्हटलं, ‘आत्ता कर, कारण उद्या सांगते.’ दुसऱ्या दिवशी अर्धा तास त्याच्यासोबत बसले, कामाची अख्खी साखळी कागदावर काढून दाखवली. तो कागद अजून त्याच्या डेस्कवर चिकटवलेला आहे. तुम्ही फक्त पाच चाळीस वाचलंत, अर्धा तास गाळलात. वाचायचंच नसेल तर लिहायची तरी घाई कशाला?

पगार मी ठरवत नाही, त्यामुळे तो राग माझ्यावर काढून उपयोग नाही. सुट्ट्यांचंही तेच. रात्री आठनंतर मी मेसेज करत नाही. लेखात तसा उल्लेखही नव्हता, तो तुम्ही कुठून आणलात तुम्हालाच माहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. माझं नाव प्रत्येक लेखाखाली असतं.